दोन हंड्या, एक चूल

थॉर्लकोम, डेव्हन
६ फेब्रुवारी १८६५

टोबी,

अक्षर ओळखलं नसशील तर पत्राच्या शेवटी नाव आहे. नाव वाचून कागद चुलीत टाकावासा वाटला तर टाक, पण त्याआधी एवढं वाच. सॅम पिड्सली गेला. गेल्या मंगळवारी आम्ही त्याला मातीत ठेवलं. आम्ही म्हणजे मी, पाद्री आणि खड्डा खणणारा. सॅम गेला म्हणजे थॉर्लकोममधला हंडीवाला मतदार आता मी एकटाच.

तुझ्या कॅनडातल्या शेजाऱ्यांना ही गोष्ट कधी सांगितलीस का? सांगितली असशील तर ते हसले असतील. ज्याची चूल स्वतःची, हंडी स्वतःची, आणि ती हंडी स्वतःच्या कमाईवर उकळते, त्या माणसाला आमच्या गावात मत होतं. जमीन नको, जुमला नको. मोठमोठ्या शहरांतले हजारो लोक पार्लमेंटकडे नुसते बघत बसायचे, तेव्हा छपरं शाकारणारा एझ्रा विकरी आणि पिपं बांधणारा टोबायस विकरी खुर्चीवरच्या साहेबासमोर उभे राहून मोठ्यानं उमेदवाराचं नाव घ्यायचे. मग तू गेलास त्याच साली कायदा बदलला. नव्या माणसाला हंडीवर मत मिळणं बंद झालं, आता मोठ्या घराला मत. ज्यांचं आधीपासून होतं त्यांचं मरेपर्यंत राहू दिलं, पण चूल मोडायची नाही, गाव सोडायचं नाही आणि यादीतलं नाव गळू द्यायचं नाही.

यादी दर साली चर्चच्या दारावर लागते. वर मोठ्या अक्षरांत मथळा, ‘जुन्या हक्काचे मतदार’. पहिल्या साली त्या मथळ्याखाली एवढी नावं होती की कागद दाराच्या कडीपर्यंत यायचा. येत्या वर्षी मथळा असेल आणि खाली माझं नाव. रविवारी लोक आत जाताना वाचतील आणि म्हणतील, हा अजून आहे वाटतं.

माझी प्रू सहा वर्षांपूर्वी गेली. मूल एकच, हेस्टर. ती एक्झेटरला असते, नवरा घड्याळं दुरुस्त करतो. दर पत्रात लिहिते की बाबा इकडे या, एकट्यानं काय राहता. मी तिला लिहितो की इथली चूल विझली तर माझं मत जाईल. ती लिहिते, मतानं तुमचे पाय चेपून मिळतात का? पोरीची जीभ तिच्या आईवर गेली आहे.

तुझा पत्ता एका फिरत्या उपदेशकाकडून मिळाला. तो म्हणाला, बोमनव्हिलजवळ एक विकरी आहे, पिपं बांधतो, डेव्हनचाच, फार बोलत नाही. मी म्हटलं, मग तो आमचाच.

आता मुद्द्यावर येतो. एकतीसच्या ऑक्टोबरातल्या त्या पोटनिवडणुकीबद्दल मला एकदा सांगायचं आहे. कुणी कुणाला मत दिलं ते छापतात, त्या मतपुस्तकात माझं नाव हार्डिंगच्या खाली आलं. ते तू वाचलंस, सगळ्यांनी वाचलं. पण तो कारकून एक्झेटरचा होता. आपल्या लोकांच्या तोंडात ‘ह’ टिकत नाही आणि शेवटचा ‘ग’ही गळून पडतो, हे त्याला कुठून माहीत असणार. आपली घरं ज्यांची, त्या हवेलीच्या साहेबांचा माणूस हार्डिंग, रंग निळा; सुधारणेच्या बाजूचा आर्डन, रंग पिवळा. आपण बोललो की दोघेही आर्डिनच. म्हणून तर निळा आर्डिन, पिवळा आर्डिन असं म्हणायची पद्धत पडली होती. मी आर्डन म्हटलं. त्यानं हार्डिंग लिहिलं. एवढंच झालं, टोबी.

तुझ्या मार्थाची हंडी माझ्याकडे आहे. जाण्याच्या गडबडीत ती इथेच विसरून गेली. ती मी वापरत नाही, पण दर हिवाळ्यात चरबी लावून पुसून ठेवतो. तिसऱ्या पायाचा टवका उडालेलाच आहे.

तुमची ॲन आता चाळिशीकडे आली असेल.

तुझा भाऊ,
एझ्रा

*

थॉर्लकोम
२० एप्रिल १८६५

टोबी,

उत्तर आलं नाही. समुद्र मोठा आहे हे मला कळतं. तरी टपालवाला गल्लीत वळला की मी दारात काहीतरी काम काढतो. काल त्यानंच विचारलं, “विकरी, उंबरठा किती वेळा झाडणार?”

गुडघे गेले, त्यामुळे मी आता छपरावर चढत नाही. खाली बसून हेझलच्या लाकडाच्या खुंट्या तासून देतो, वर दुसरे ठोकतात. दिवसातून एकदा हंडी चढवतो. सलगम, बटाटा, असला तर डुकराच्या मांसाचा एक तुकडा. आपल्या आईची हंडी सात माणसांची. मी तळाशी चार बोटं पाणी घालतो आणि ते उकळायला लागलं की आतून असा आवाज येतो, जसं कुणी रिकाम्या घरात बोलतंय. प्रू गेल्यापासून मी समोरच्या बाकाकडे पाठ करून जेवतो. सवय झाली असं लोकांना सांगतो. झालेली नाही.

परवा लँगडन आला. तुझ्या वेळचा हवेलीचा कारभारी लँगडन मेला, हा त्याचा मुलगा. बापासारखाच घोड्यावरून न उतरता बोलतो. जुलैत निवडणूक लागणार म्हणे. हवेलीचा उमेदवार आपल्या हार्डिंगचा मुलगाच. लँगडननं खिडकीतून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “काय म्हातारबा, हंडी शिजतेय ना? शेवटची हंडी तुमची. म्युझियममध्ये ठेवायला पाहिजे तुम्हाला.”

मी म्हटलं, “शिजतेय.”

“मग यंदाही आमच्याच बाजूला ना? तुम्ही तर जुने निळे. माझे वडील सांगायचे, अर्धी गल्ली उलटली तरी एझ्रा विकरी मान हलवून आमच्याकडे राहिला.”

टोबी, तो गेल्यावर मी बराच वेळ खुंट्या तासत बसलो आणि अंगठा कापून घेतला. मान हलवून, असं म्हणाला तो. म्हणजे बापानं बघितलं होतं, लक्षात ठेवलं होतं आणि पोराला सांगून गेला होता. मी तुला फेब्रुवारीत जे लिहिलं, ते चौतीस वर्षं मी स्वतःलाच सांगत आलो होतो. इतकी वर्षं सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं.

खरं असं आहे. माझी पाळी आली तेव्हा थोरला लँगडन कारकुनाच्या खांद्यामागे उभा होता, हातात हवेलीच्या सगळ्या घरांची यादी. मी नुसतं ‘आर्डिन’ म्हटलं. निळा की पिवळा ते म्हटलंच नाही. विसरलो नव्हतो. मुद्दाम मोघम ठेवलं. बोलणाऱ्याला एक वाटावं आणि ऐकणाऱ्याला दुसरं, असा बेत होता माझा. पण कारकून बिचारा प्रामाणिक निघाला. लेखणी थांबवून त्यानं वर बघितलं आणि विचारलं, “निळा का?” मी लँगडनकडे बघितलं. आणि ‘हो’ म्हणून मान हलवली.

तू माझ्यामागे तिसरा होतास. तू पुढे येऊन एवढ्या मोठ्यानं ‘पिवळा आर्डन’ म्हणालास की बाहेरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. तुझं घरही हवेलीचंच होतं. लेडी डेच्या दिवशी, मार्चात, त्यांनी तुझी चूल मोडली आणि माझी राहिली.

हे मी तुला आधीच लिहायला हवं होतं. लाज वाटली म्हणून नाही लिहिलं.

एझ्रा

*

थॉर्लकोम
१५ जुलै १८६५

टोबी,

मत देऊन आलो.

तुला आठवतं, मतदानाच्या सकाळी आपल्या गल्लीत काय असायचं ते? प्रत्येक दारासमोर तिवई, तिवईवर हंडी, खाली जाळ. चूल आहे, हंडी आहे, उकळते आहे, या आणि बघा. दोनशे हंड्यांचा धूर. आई म्हणायची, आज गावात कुणाच्या घरी काय शिजतंय ते पार्लमेंटालाही कळेल. बुधवारी सकाळी मी तिवई बाहेर काढली. गल्लीत दुसरी नव्हती. जाळ केला, पाणी ठेवलं, सलगम टाकले आणि स्टुलावर बसलो. समोरच्या नव्या घरातल्या बाई म्हणाल्या, “अहो, तुमचं धुराडं तुंबलंय का?” एक कुत्रा येऊन शेपटी हलवत बसला. बघायला आलेला तेवढाच.

शेजारची मिसेस गॉलप मात्र दारात उभी राहिली. तिच्या नवऱ्यानं तुझ्या वेळी हार्डिंगची फुकटची सायडर, ती सफरचंदाची दारू, पिऊन उघडपणे निळं मत दिलं होतं, आठवत असेल. तेव्हापासून मी त्या घराशी कामापुरतंच बोललो. निळ्यांचं घर म्हणायचो मी त्याला. मी म्हणायचो, मी. ती हंडीकडे बघून म्हणाली, “मीठ घातलंत का?” नव्हतं घातलं. तिनं आतून आणून घातलं आणि आपल्या कामाला गेली.

यंदाच्या पिवळ्या उमेदवाराचं नाव ब्रूक. त्यात काही गळत नाही, काही चुकीचं ऐकू येत नाही. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली. कारकून तरुण, त्यानं यादी चाळली, जुन्या हक्काच्या पानावर एकच नाव बघून त्याला गंमत वाटली. लँगडन खिडकीशी कुणाशी तरी घोड्याच्या भावाबद्दल बोलत होता. मी श्वास घेतला आणि जेवढा आवाज होता तेवढा काढला, “ब्रूक. पिवळा. एझ्रा विकरी, हंडीवाला, पिवळा.”

कारकून म्हणाला, “आजोबा, मी बहिरा नाही.”

एवढंच झालं. लोक हसले, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लँगडननं घोड्याचं बोलणं थांबवून एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरू केलं. हार्डिंगचा मुलगा दीडशेच्या वर मतांनी निवडून आला. माझ्या मतानं काडीचा फरक पडला नाही. घरी आलो तर हंडीतलं पाणी आटून सलगम तळाला लागले होते.

मला वाटलं होतं की ते एकदा मोठ्यानं म्हटलं की छातीवरचं काहीतरी उतरेल. वाटेत येताना थोडं उतरल्यासारखं वाटलंही. मग घरात आलो, मार्थाची हंडी खुंटीवर दिसली, आणि ते परत आपल्या जागी येऊन बसलं. मत तर दिलं मी, टोबी. मग हे काय आहे?

तुझं पत्र नाही.

एझ्रा

*

थॉर्लकोम
४ ऑक्टोबर १८६५

टोबी,

थोडक्यात लिहितो, टेबल माझं नाही.

मायकेलमसला, सप्टेंबरअखेर, लँगडनचे दोघे आले. घर पाडून तिथे तबेला करायचा आहे म्हणाले. मताचं कुणी नावही काढलं नाही. मी विचारलं, माझ्या मतामुळे का? त्यातला एक म्हणाला, “कसलं मत?” खरंच माहीत नव्हतं त्याला. चौतीस वर्षं ज्या घरासाठी मी मान खाली घातली, ते घर शेवटी घोड्यांसाठी हवं होतं.

चूल विझवली. विझवली म्हणजे मीच पाणी टाकलं, त्यांना हात लावू दिला नाही. गल्लीत एक बाक, एक पेटी, गादी आणि दोन हंड्या. पाऊस नव्हता, एवढं बरं. मिसेस गॉलपनं आत घेतलं. तिनं काय केलं ते नंतर लिहीन, आत्ता लिहवत नाही. शनिवारी हेस्टरचा नवरा गाडी घेऊन येतो आहे.

म्हणजे जुन्या हक्काच्या मथळ्याखाली आता कुणीच नाही. मथळा तरी कशाला छापतील.

एक्झेटरचा पत्ता खाली देतो आहे. तू लिहिणार नाहीस हे आता मला कळतं, तरी देतो.

एझ्रा

*

एक्झेटर
९ ऑगस्ट १८६८

टोबी,

तुझं पत्र आलं. हेस्टरनं मला बाकावर बसवलं, चष्मा दिला आणि दार लोटून गेली. पोर शहाणी आहे.

अक्षर ॲनचं. ती लिहिते की मार्था वसंतात गेली. तिची पेटी आवरताना माझी चार पत्रं सापडली, चारही न उघडलेली. तू ती घेतलीस, फेकली नाहीस, उघडलीही नाहीस. आता तुझे डोळे गेलेत, तेव्हा ॲननं तुला विचारून ती उघडली आणि ओळीनं वाचून दाखवली. मी ते दृश्य डोळ्यांपुढे आणायचा फार प्रयत्न करतो. तुझा चेहरा मला एकोणतीस वर्षांचाच दिसतो.

आणि मग खाली तुझे शब्द. ॲन लिहिते, बाबा म्हणाले तसंच लिहिते आहे. ‘मताचं मी तुला कधी विचारलं होतं, एझ्रा? मार्था हंडी विसरली नव्हती.’

दोन वाक्यं. फार बोलत नाही, असं तो उपदेशक म्हणालाच होता.

मार्थाची बातमी वाचून मी रडलो, ते ॲनला सांग. नंतर त्या दोन वाक्यांवर रडलो, ते तुला सांगतो.

गेल्या महिन्यात पार्लमेंटानं आपल्या गावाची जागाच काढून टाकली. छोटी गावं आहेत, वर्षानुवर्षं सायडरवर विकली गेली, आता पुरे, असं म्हणून यादीतून थॉर्लकोमवर रेघ मारली. येत्या निवडणुकीत आपले लोक जिल्ह्यातल्या गर्दीत मत देतील. पाचशे वर्षं एक गाव लंडनला माणूस पाठवत होतं, आता पाठवणार नाही. जावयानं वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला, म्हाताऱ्याला धक्का बसेल म्हणून. मला फक्त एवढंच वाटलं, की म्हणजे माझ्याकडचं शेवटचं निमित्तही गेलं. आता लिहून टाकतो.

पंचवीस मार्च, बत्तीस. तुझं दार त्यांनी सकाळी खिळे ठोकून बंद केलं. तू जहाजाची चिठ्ठी करायला बिडफर्डला गेला होतास. दुपारी मार्था माझ्या दारात आली. एका हातात हंडी, कमरेवर ॲन. ॲनला ताप होता आणि खोकला असा की गल्लीच्या टोकाला ऐकू यावा. मार्थाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच मला आजपर्यंत त्रास देतं. ती म्हणाली, “एझ्रा, तुमच्या चुलीवर एवढी हंडी ठेवू का? पोरीला जवाची पेज करून देते. तेवढीच. मग आम्ही जातो.”

गल्लीत लँगडनचे दोघे उभे होते, तुझ्या दारावर खिळे मारणारे तेच. ते बघत होते. मी दारात हात आडवा धरला आणि म्हणालो, “एका चुलीवर दोन हंड्या चढल्या तर चूल कुणाची हे विचारतील. माझं मत जाईल, मार्था.”

मला वाटतं, मी चेष्टा करतोय असं तिला वाटलं. मग तिनं हंडी माझ्या उंबरठ्यावर ठेवली, ॲनला दुसऱ्या कमरेवर घेतलं आणि गेली. हंडी विसरली नव्हती. ठेवून गेली. रिकामी हंडी घेऊन जाऊन ती करणार तरी काय होती.

हंडी मी आत घेतली. हंडी, मार्थाला नाही.

प्रू मागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मागच्या दारानं शालीखाली दूध आणि भाकरी घेऊन ती मार्थाला शोधत गेली, पण तोवर कुणीतरी त्या दोघींना गाडीवर घेतलं होतं. त्या दिवसापासून प्रूनं माझ्याशी भांडण कधी केलं नाही. मला जेवायला वाढलं की एवढंच म्हणायची, “घ्या. मत आहे ना तुमचं, सुखानं जेवा.” सत्तावीस वर्षं म्हणाली. रोज नाही, पण कधी म्हणेल याचा नेम नसायचा.

अजून एक आहे, तेही ऐक. पुढच्याच साली मतांच्या याद्या तपासायला वकील आला, तेव्हा मी त्याला विचारलं. म्हटलं, साहेब, माझ्या चुलीवर दुसऱ्याची हंडी चढली तर माझं मत जातं का? तो म्हणाला, “कुणी सांगितलं? पाहुण्याची हंडी आहे, शिजवून घेऊन जाईल. चूल तुमचीच राहते.” असा नियमच नव्हता, टोबी. मला तो नियम दारात उभं असताना सुचला होता.

तेव्हा लिहायला हवं होतं, पत्ता नव्हता असं म्हणेन. पण पत्ता मी शोधलाही नव्हता.

आता मिसेस गॉलपचं सांगतो. मायकेलमसच्या दिवशी मी गल्लीत बाकावर बसलो होतो, शेजारी दोन हंड्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ती दारात आली, मला बघितलं, माझ्या सामानाकडे बघितलं. मी उठून उभा राहिलो. तिच्या नवऱ्याच्या मैतालाही मी गेलो नव्हतो. शेवटी हंडीकडे हात करून म्हणालो, “एवढी जरा… तुमच्या चुलीवर…”

ती म्हणाली, “ठेव की.”

ती मला अहोजाहो करायची, पण त्या दिवशी ‘ठेव’ म्हणाली. आणि लगेच आत जाऊन आपलं भांडं बाजूला सरकवायला लागली. मी तिथेच उभा राहिलो तर आतून ओरडली, “अरे आण ना, जाळ काय तुझी वाट बघत बसणार आहे?” मी आईची हंडी आत नेली. तिच्या भांड्याच्या शेजारी ठेवली. दोन्ही उकळायला लागली. कुणी बघायला आलं नाही, कुणी काही लिहून घेतलं नाही. आणि मी त्या बाईच्या स्वयंपाकघरात, वाफेत, तोंडावर टोपी धरून बसलो. तिला वाटलं डोळ्यांत धूर गेला.

दोन अक्षरांचा शब्द आहे. म्हणायला श्वाससुद्धा लागत नाही. तो मार्थासमोर माझ्या तोंडातून निघाला असता तर ॲनला पेज मिळाली असती, मार्था अंगाला ऊब घेऊन गेली असती आणि तू बोटीवर चढताना मागे वळून बघितलं असतंस. मी मात्र आर्डिन आणि आर्डनमध्ये अडकून बसलो. इतकी वर्षं मी चुकीच्या शब्दाची माफी मागत होतो.

हेस्टर मला जपते. तिची चूल लोखंडी आहे, वर चार भांडी एका वेळी बसतात. मी कोपऱ्यात बसतो, नातवंडं माझ्या टोपीत मांजर ठेवतात. पण टोबी, मला इथे फार एकटं वाटतं. भरल्या घरात असं वाटावं हा कृतघ्नपणा आहे, तरी वाटतं. मला लहानपणापासून ओळखणारा आता जगात एकच माणूस आहे, आणि त्यानं मला दोन वाक्यं लिहिली आहेत. ती दोन्ही मी पाठ केली आहेत.

हेस्टरच्या शेजारचा सुतार पुढच्या आठवड्यात कुटुंबासकट कॅनडाला निघतो आहे, बोमनव्हिलवरूनच पुढे जाणार. त्याच्याबरोबर मार्थाची हंडी पाठवतो आहे. गोणपाटात बांधली आहे, तिसऱ्या पायाला चिंध्या गुंडाळल्या आहेत. छत्तीस वर्षांत मी तिच्यात काहीही शिजवलं नाही. परवा एकदाच, हेस्टरच्या चुलीवर, जवाची पेज केली. कुणाला दिली नाही. नुसती केली आणि हंडी गरम असेतोवर शेजारी बसलो.

ती तुझ्या दारात येईल तेव्हा तिच्याबरोबर मी नसेन. पण असं समज की मीच उंबरठ्यावर उभा आहे, हातात हंडी घेऊन, आणि तुझ्याकडे बघून विचारतो आहे. टोबी, तुझ्या चुलीवर एवढी ठेवशील?

एझ्रा